तळाची फळी

मोहोळ गेल्याचं कळलं ते आवाज नव्हता म्हणून. सकाळी मागच्या दाराची कडी काढली आणि पायरीवर उभा राहिलो. एरवी त्या पायरीवर आलं की मधमाश्यांच्या पेटीचा आवाज कानावर यायचा, लांब कुठल्या तरी घरात जातं फिरत असावं तसा. त्या दिवशी काहीच नव्हतं. म्हटलं, माझेच कान अजून जागे झाले नसतील. पेटीजवळ गेलो, वाकून कान लावला. लाकूड थंड होतं.

झाकण उचललं. मेणाची पोळी जागच्या जागी होती. एका पोळ्यात झाकलेली घरं होती, म्हणजे आत अळ्या होत्या. चार-दोन कोवळ्या माश्या त्यावर फिरत होत्या, गडबडीत घरी विसरून राहिलेल्या पोरांसारख्या. बाकी सगळं रिकामं. तळाला मेलेली माशी नाही, मुंगी नाही, झटापटीची खूण नाही. मध पिऊन घेतला होता आणि निघून गेल्या होत्या.

आमची ही गेली तेव्हा मला आधीपासून माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि डॉक्टरांच्या आधी तिनंच सांगितलं होतं. त्यामुळे ती गेली त्या दिवशी नवीन असं काही कळलं नाही. हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. मी झाकण हातात धरून तसाच उभा राहिलो.

थोरली लेक चहाचा कप घेऊन दारात आली. आई गेल्यापासून ती माझ्याकडेच होती. तिची पोरं तिच्या सासूकडे होती, आणि घरून रोज निरोप येत होता.

"काय झालं, बाबा?"

"गेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

तिनं पायरीवर कप ठेवला. पेटीच्या जवळ मात्र आली नाही. तिला लहानपणापासून माशी चावली की तोंड सुजायचं. तिच्या आईला दिवसातून कितीदा चावायच्या, तरी ती फक्त नखानं काटा खरवडून काढायची आणि पुढचं काम करायची.

आमच्या हिला गावात माशीवाली म्हणायचे. कुणाच्या झाडावर, कुणाच्या छपराला मोहोळ येऊन लटकलं की माणूस आमच्या दारात. ही टोपली घ्यायची, मी शिडी घ्यायचो. मी सुतार. दारं, खिडक्या, पलंग, आणि हिच्या पेट्या. ती आजारी पडली तेव्हा मागच्या अंगणात पाच पेट्या होत्या. माझं लक्ष दवाखान्याकडे. एकीत मेणकिडा शिरला, दोन मुंग्यांनी खाल्ल्या, एक अशीच हळूहळू कमी होत गेली. राहिली ती एक. हिनं खाटेवरून विचारायचं, "आवाज येतोय ना?" आणि मी सांगायचं, "येतोय."

तीच आता गेली होती.

थोरली म्हणाली, "चहा निवतोय."

मी कप उचलला. मग ती, ज्या विषयावर आम्ही दोघं रोज येऊन थांबत होतो, त्यावर आली. "बाबा, तुम्ही म्हणायचात, पेटी कोण बघेल. आता तर पेटीही रिकामी झाली. दाराला कुलूप लावा आणि चला माझ्याकडे. इथं आता काय राहिलंय?"

तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं.

चहा संपायच्या आत शेजारची गवळीण कुंपणापाशी आली. हातात दुधाचं भांडं तसंच होतं. "भाऊजी, गिरणीवर बोलावलंय तुम्हाला. लवकर जा. तो गिरणीवाला हातभर काठीला चिंध्या बांधत बसलाय."

गिरणी म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाची पिठाची गिरणी. पुढं पत्र्याची पडवी, तिथं डबे घेऊन बायका रांगेत बसतात. त्या दिवशी डबे रांगेत होते आणि बायका रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. पडवीच्या वाशाला माश्यांचा घोस लटकला होता. वर दोन वीत रुंद, खाली निमुळता. वरून शांत दिसत होता, पण नीट बघितलं की कळायचं, सगळं अंग हलतंय.

गिरणीवाला पिठानं भुवयांपर्यंत पांढरा. तो मला बघून म्हणाला, "सुतारा, तुझ्या घरची मंडळी माझ्या दारात येऊन बसलीत."

"पाहुणे आहेत. जरा सांभाळून घे."

"पाहुणे? सकाळपासून एक डबा दळला नाही मी. गिऱ्हाईक आत यायला तयार नाही. हे बघ, वहिनी असत्या तर मी एक शब्द बोललो नसतो. त्या आल्या असत्या, घेऊन गेल्या असत्या. पण आता कोण नेणार?"

"मी नेतो."

"तू?" तो हसला नाही, पण रस्त्यापलीकडच्या दोघी हसल्या. "संध्याकाळपर्यंत ने. नाहीतर मी चिंध्या पेटवतो. मला हौस नाही, पण मला दळायचंय."

घरी येऊन शिडी काढली. टोपली खुंटीला होती. बांबूची, आतून मेण लागून काळी झालेली. ती खाली घेतली तेव्हा तिच्यातून धुराचा आणि मधाचा वास आला आणि मला क्षणभर खाली बसावंसं वाटलं. पण थोरली बघत होती.

"तुम्हाला येतं का हे?" तिनं विचारलं.

"इतकी वर्षं बरोबर जात होतो."

हे खरं होतं आणि खरं नव्हतंही. मी बरोबर जायचो, शिडी धरायचो. ही वर चढली की एक शब्द बोलायची नाही. तोंडाची वाफ माश्यांना आवडत नाही म्हणायची. जे सांगायचं ते टाचेनं. उजवी टाच दांड्यावर आपटली की मी धुराचा डबा वर द्यायचा. दोन्ही टाचा उचलल्या की शिडी घट्ट धरायची, म्हणजे ती आता दोन्ही हात सोडणार. मी सगळा वेळ तिच्या टाचांकडे बघत असायचो. मला तिच्या टाचांच्या भेगा पाठ होत्या. वर ती काय करते ते मी कधी पाहिलं नव्हतं.

एवढंच माहीत होतं की टोपली पालथी धरायची आणि त्या आपण होऊन वर चढतात.

दुपारी गिरणीवर गेलो. थोरलीनं ओढणी तोंडाला गुंडाळून घेतली, फक्त डोळे उघडे, आणि मान फिरवून शिडी धरली. मी चढलो. लोक जमले होते. कुणीतरी म्हणालं, "सुतार, एक खिळा मार, म्हणजे बसतील जागेवर." हशा पिकला. रंधा धरलेला हात कधी थरथरला नाही माझा, पण टोपली हलत होती. मला वाटलं, लवकर उरकावं. टोपली घोसावर टेकवायला गेलो आणि तिची कड घोसाच्या मधोमध लागली.

घोस तुटला. निम्मा खाली पडला तो रांगेतल्या एका उघड्या डब्यात, आदल्या दिवशी दळून ठेवलेल्या पिठात. बायका ओरडत पळाल्या. वरचा निम्मा माझ्या तोंडावर आला. पापणीला चावली, ओठाला चावली, मानेवर किती चावल्या ते मोजलं नाही. खाली शिडी हलली, पण थोरलीनं ती सोडली नाही. मी कसाबसा उतरलो आणि ओट्याला टेकून बसलो.

गिरणीवाल्यानं आतल्या खिडकीतून विचारलं, "जिवंत आहेस का?"

"आहे."

"मग तो डबा उचल. त्या बाईंचं पीठ आहे."

ज्या बाईंचा डबा होता त्या लांबूनच म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. मी काही हात घालत नाही त्यात."

मी डब्यात बघितलं. पिठात माश्या लडबडत होत्या. पांढऱ्या झालेल्या, पंख चिकटलेले, एकीवर एक चढून वर यायला बघत होत्या. त्यांना बघून मला गिरणीवाल्याचीच आठवण झाली. टोपली डब्यावर पालथी घातली. दुसरं काही सुचलंच नाही म्हणून घातली. पण थोड्या वेळानं बघतो तर डब्याच्या कडेनं पांढऱ्या माश्यांची रांग लागलेली, वर टोपलीत जात होती. वाशाला राहिलेल्याही हळूहळू खाली येऊन टोपलीवर बसायला लागल्या. म्हणजे राणी पिठात पडली होती आणि आता टोपलीत गेली होती. जिकडे ती, तिकडे बाकीच्या.

उन्हं कलल्यावर टोपलीला फडकं बांधून घरी नेली. रस्त्यानं माझा एक डोळा पूर्ण मिटला होता. थोरली दंडाला धरून चालत होती.

त्या माश्या मी नव्या पेटीत घातल्या.

त्या पेटीचं सांगायला हवं. ही गेल्यावर लोक भेटायला यायचे, बसायचे. मला बसवत नव्हतं. मी पडवीत कामाला लागलो. आजारपणात ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, "अहो, पेटीची तेवढी तळाची फळी बदला. कोपऱ्यात कुजलीय, ओल आत जाते." मी हो म्हणायचो. दवाखान्याच्या फेऱ्यांत ते तसंच राहिलं. ती गेल्यावर मला वाटलं, नुसती फळी काय बदलायची, सगळी पेटीच नवी करू. माझ्याकडे चांगलं मुरलेलं लाकूड होतं, कुणाच्या तरी दारासाठी ठेवलेलं. ते काढलं. आतून-बाहेरून रंधा मारला. पॉलिश पेपरनं इतकं घासलं की तळहात फिरवला तर कुठं अडत नव्हता. सुईसुद्धा जाणार नाही असे सांधे बसवले. आणि मग वॉर्निशचे हात दिले, आतूनसुद्धा, लाकूड कुजू नये म्हणून. आयुष्यात मी बऱ्याच लोकांची कामं केली. पण एवढं चांगलं काम हातून दुसरं झालं नाही. शेजारचा गवळी ती पेटी बघून म्हणाला, "ह्यात माश्या ठेवणार? ह्यात तर दागिने ठेवावेत."

जुन्या पेटीतली पोळी एकेक करून मी नव्या पेटीत ठेवली, माश्या झटकून आत घातल्या, आणि जुनी पेटी गवळणीला दिली. तिला खुराड्यासाठी खोकं हवं होतं. त्यानंतर काही दिवसांतच ती सकाळ आली.

गिरणीवरून आणलेल्या माश्या त्या संध्याकाळी पेटीत गेल्या. पिठानं माखलेली शेवटची माशी आत शिरेपर्यंत मी एका डोळ्यानं बघत बसलो.

"झालं ना, बाबा?" थोरलीनं विचारलं.

"झालं."

दुसऱ्या दिवशी ऊन तापायला लागलं आणि पेटीच्या दारातून माश्या बाहेर यायला लागल्या. आधी मला बरं वाटलं. मग त्या थांबेनात. पाणी ओतावं तशा सांडत होत्या आणि सांडल्या की उडत होत्या. अंगणभर आवाज भरला. मी हौदातलं पाणी तांब्यानं वर फेकलं. माती उडवली. ही असं करायची, मग त्या खाली बसायच्या. माझ्या मातीला कुणी जुमानलं नाही. ढगासारख्या कुंपणावरून गेल्या आणि रस्त्याच्या टोकाकडे वळल्या. कुठं गेल्या ते बघायलाही जावं लागलं नाही. थोड्या वेळानं गिरणीवाला स्वतः आला, दारातच उभा राहिला.

"आल्या परत," तो म्हणाला. "त्याच वाशाला. निम्म्या पांढऱ्या आहेत, म्हणजे त्याच." माझ्या डोळ्याकडे बघून त्यानं आवाज जरा खाली आणला. "हे बघ, आज संध्याकाळ. त्यापुढं मला सांगू नकोस. मलाही घर आहे."

तो गेल्यावर मी पायरीवर बसलो. गवळीण कुंपणापलीकडून सगळं बघत होती. ती म्हणाली, "भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका. त्या ताईंच्या हातच्या होत्या. ताई नाहीत म्हटल्यावर कशाला राहतील?"

मला तेच वाटत होतं. आदल्या सकाळपासून तेच वाटत होतं, पण तोंडातून काढलं नव्हतं. ते दुसऱ्याच्या तोंडून आलं तेव्हा एक प्रकारचं बरंही वाटलं. म्हणजे मी काही करण्यासारखं नव्हतं. आता कुलूप लावायला हरकत नव्हती.

थोरली उठली आणि पहिल्यांदाच पेटीजवळ गेली, आता आत कुणी नव्हतं म्हणून. आतली पोळी उन्हात वितळू नयेत म्हणून पेटी सावलीत घेत असावी. तिनं झाकण काढलं, वाकली आणि तोंड बाजूला केलं.

"कसा डोक्यात जातो हा वास," ती म्हणाली.

"कसला?"

"वॉर्निशचा. बंद होतं ना, कोंडलाय नुसता."

मी उठून गेलो. नाक आत घातलं. मला लाकडाचा वास आला, मेणाचा आला. बाकी काही नाही.

"कुठं येतोय?"

"बाबा, डोळ्यांत पाणी येतंय माझ्या. तुम्हाला येत नाही?"

मला येत नव्हता. पोरवयापासून मी वॉर्निशच्या डब्याशेजारी जेवलोय. ही मला जेवताना पलीकडे बसायला सांगायची, कपड्यांना वास येतो म्हणून, आणि मला ते कधी कळलं नाही.

मग मला माळा आठवला. मी केलेली नवी पेटी ही कधी लगेच वापरायची नाही. चुलीवरच्या माळ्यावर टाकायची. तिथं ती महिनोनमहिने धूर खात पडायची, काजळीनं काळी व्हायची, आणि मग कधीतरी खाली यायची. मला राग यायचा. मी चांगलं काम करून द्यायचं आणि हिनं ते काळं करायचं. एकदा म्हटलंही होतं, "एवढं घासून दिलंय ते काय धुरात टाकायला?" तर म्हणाली, "घासलंत कशाला?" मला वाटलं, चिडवतेय.

आतल्या बाजूवर तळहात फिरवला. कुठं अडला नाही. माशीच्या पायांनाही तिथं कुठं धरायला मिळालं नसणार.

थोरलीला म्हटलं, "शिडी काढ."

"परत?"

"आधी गवळणीकडे जाऊ."

गवळणीच्या गोठ्यामागं जुनी पेटी होती. आत गवत, आणि गवतावर कोंबडी बसलेली, अंगाचा गोळा करून. मी वाकलो तर तिनं चोच उघडली.

"वहिनी, पेटी परत पाहिजे."

"दिलेली वस्तू परत मागतात का, भाऊजी?" गवळीण म्हणाली. "आणि ती बसलीय. अंड्यांवरून उठवली तर परत बसेल का? तुम्ही हात लावून बघा. मला तर दाणा टाकायलाही जवळ येऊ देत नाही."

"बदल्यात नवी देतो."

"कुठली? ती दागिन्यांची?"

"तीच."

ती माझ्याकडे बघत राहिली. थोरली हसली. आई गेल्यापासून ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. गवळीण म्हणाली, "अहो, माझ्या घरात माझ्या कपड्यांना असलं कपाट नाही, आणि कोंबडीला द्यायचं?"

पण ती तयार झाली. पोळी काढून मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि नवी पेटी तिच्या गोठ्यात आणली. गवळणीनं कोंबडीवर पोतं टाकलं, सगळा अंधार केला आणि खालच्या गवतासकट, अंड्यांसकट, दोन्ही हातांनी उचलून नव्या पेटीत ठेवली. पोतं काढलं. कोंबडीनं मान इकडे-तिकडे केली, अंग झाडलं आणि परत बसली.

"तिला चाललं बघा," गवळीण म्हणाली. "जनावराला कुठं वास कळतो."

जुनी पेटी अंगणात आणली. पटाशीनं आतली घाण खरवडली. पाणी लावलं नाही. पडवीच्या कडेला हिनं माश्यांना वास आवडतो म्हणून लावलेला गवती चहा होता, त्याची पाती चुरगाळून चारी बाजूंना घासली. वर जुन्या पोळ्याचं मेण चोळलं. आतून पेटी काळी, खडबडीत, जागोजागी माश्यांनी थापलेल्या मेणाचे जुने डाग. माझ्या रंध्याची एकही खूण उरली नव्हती. पोळी परत लावली. अळ्या अजून जिवंत होत्या. तळाच्या कुजलेल्या कोपऱ्यात बोट घातलं तर लाकडाचा भुगा निघाला. तिथं तात्पुरतं मेण थापलं.

उन्हं उतरायच्या आत गिरणीवर गेलो. गिरणीवाल्यानं चिंध्यांची काठी भिंतीला टेकवून ठेवली होती, बाजूला रॉकेलची बाटली. लोक होतेच. आज खिळ्याचं कुणी बोललं नाही. माझा डोळा बघून गप्प राहिले असतील.

थोरलीनं आज ओढणी गुंडाळली नाही. केस बांधले, धुराचा डबा पेटवून पायाशी ठेवला आणि शिडी धरली. मी तिला टाचांचं काही सांगितलं नव्हतं.

वर गेलो. मी घाई केली नाही. शिडीच्या वरच्या दांड्यावर तसाच थांबलो, टोपली हातात धरून, आणि घोसाकडे बघितलं. इतक्या जवळून मी ते कधी बघितलं नव्हतं. एकीचे पाय दुसरीच्या पायांत अडकवलेले, अशी साखळी वरपासून खालपर्यंत. त्यांच्यातून ऊब येत होती. गालाला लागत होती, तापलेल्या पोराच्या कपाळाजवळ गाल नेला की लागते तशी. वास गोड होता. पांढऱ्या माश्या काळ्या माश्यांत मिसळल्या होत्या आणि काळ्या त्यांचं पीठ चाटून काढत होत्या. ही इतकी वर्षं हे बघत होती. मी खाली उभा राहून टाचा बघत होतो. घरी परत येताना मी कधी विचारलं नाही, वर काय होतं, आणि तिनंही सांगितलं नाही. शिडी कशी होती एवढंच विचारायची.

टोपली पालथी करून घोसाच्या वर नेली आणि कड नुसती टेकवली. मग काहीच केलं नाही. हात दुखायला लागले. एक माशी टोपलीच्या आत गेली, फिरून बाहेर आली. मग दोन गेल्या. मला धूर हवा होता. बोलायचं नव्हतं. टाच दांड्यावर आपटली.

खाली हालचाल झाली आणि धुराचा डबा माझ्या उजव्या हाताशी आला. थोरलीनं तो काठीच्या टोकाला धरला होता, हिला लागायचा तेवढाच वर. मी खाली बघितलं नाही. घोसाच्या बुडाशी थोडा धूर दिला आणि डबा परत केला. माश्या वर चालायला लागल्या. उडत नव्हत्या, चालत होत्या. बाजारातून घरी निघालेली माणसं जशी रस्ता भरून चालतात, तशा टोपलीत शिरत होत्या. टोपली जड व्हायला लागली. मग वाशाला फक्त एक ओला डाग राहिला. मी दोन्ही टाचा उचलल्या आणि खाली शिडी घट्ट झाली.

उतरल्यावर फडकं बांधलं. मला एकही चावली नव्हती. थोरलीला मनगटाला एक चावली होती आणि तिथं सुजायला लागलं होतं. तिनं नखानं काटा खरवडून काढला.

गिरणीवाला काठीच्या चिंध्या सोडत म्हणाला, "सुतारा, उद्या परत आल्या तर?"

"परत येणार नाहीत."

"वहिनी पण असंच म्हणायच्या," तो म्हणाला आणि आत जाऊन गिरणी सुरू केली.

रस्त्यानं टोपली मी धरली होती. थोरली शिडी खांद्यावर घेऊन मागून चालत होती. घराच्या वळणावर ती म्हणाली, "बाबा."

"काय?"

"टाचांना तेल लावत जा. केवढ्या भेगा पडल्यात."

"लावतो."

त्या रात्री माश्या जुन्या पेटीत राहिल्या. सकाळी पायरीवर आलो. आवाज होता. ऊन तापलं तसा मी पेटीसमोर पोतं टाकून बसलो. माश्या बाहेर पडल्या, पण एकेक, आणि परत आल्या. असे काही दिवस गेले. मग एका सकाळी पायांना पिवळ्या परागाचे गोळे लावून माश्या आत शिरताना दिसल्या. पराग आणतात तो पिल्लांसाठी. म्हणजे राणी आत होती आणि अंडी घालत होती. मी थोरलीला हाक मारली. ती पायरीवरूनच बघत राहिली, बराच वेळ. मग आत जाऊन तिनं आपली पिशवी भरायला घेतली.

निघताना तिनं कुलपाचं काही काढलं नाही. म्हणाली, "माझ्या पोरांना सुट्टी लागली की आणते. त्यांना दाखवा, लांबून." मग थोडं थांबून, "आई तुम्हाला शेवटी काय म्हणाली? मी पाणी आणायला गेले होते तेव्हा."

"फळीचं म्हणाली."

"कुठल्या?"

"पेटीच्या. तळाची बदला म्हणाली."

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिनं माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि गेली.

गवळणीच्या कोंबडीची पिल्लं बाहेर आली आहेत. ती त्या पेटीतून बाहेर पडतात तेव्हा पाय घसरतात, म्हणून गवळणीनं तळाला पोतं अंथरलंय. गिरणीवाला परवा डबा पोचवायला आला होता, मागं जाऊन पेटीला कान लावून गेला. कानाचं पीठ लाकडाला लागलं ते अजून आहे.

मी एक फळी कापली आहे. मापानं बरोबर आहे. रंधा मारलेला नाही, वॉर्निश नाही, करवतीचे दात तसेच दिसतात. ती चुलीवरच्या माळ्यावर टाकली आहे. रोज चूल पेटवली की वर बघतो. एका बाजूनं थोडी पिवळट झाली आहे. काळी व्हायला वेळ लागेल. तोवर कुजलेला कोपरा मेणावर टिकून आहे. तळाची फळी अजून बदलायची आहे.